घरातले बजी पक्षी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बजी घरी आणण्याआधी आणि आणल्यानंतर लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकच माहिती दोनदा येऊ नये म्हणून जेथे गरज आहे तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक कंसात दिला आहे.

१. दुकानदार ज्याला लव्हबर्ड म्हणतो, तोच बजी का?

बहुतेक वेळा तोच. आपल्याकडच्या दुकानांत लव्हबर्ड या नावाने जो लहान, लांब शेपटीचा, डोक्यावर आणि पाठीवर बारीक काळ्या रेघा असलेला पक्षी मिळतो, तो ऑस्ट्रेलियाचा बजरीगर, म्हणजेच बजी होय. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला असून त्याची शेपटी आखूड, बांधा थोराड आणि चोच मोठी असते. तो बजीच्या पायांना चावून गंभीर जखमा करू शकतो, म्हणून या दोघांना एका पिंजऱ्यात कधीही ठेवू नये.

चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत बजी साधारण १८ सेंटिमीटरचा आणि वजनाने ३० ते ४० ग्रॅमचा असतो. रानातला बजी हिरवा-पिवळा असतो आणि ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात पाणी व गवताचे बी शोधत थव्याने भटकत राहतो. १८४० मध्ये पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनी जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि तेथून तो जगभर घरोघरी पोहोचला. चांगली देखभाल झाली तर तो पाच ते दहा वर्षे जगतो, कधी त्याहूनही अधिक.

२. बजी पाळणे कायदेशीर आहे का? पोपट पाळायला तर बंदी आहे ना?

पोपटाला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. कंठवाला पोपट, करण पोपट, मुनिया असे आपले रानपक्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहेत. ते पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. बजी हा भारतातला वन्य पक्षी नाही आणि बाजारात येणारे बजी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढवलेले असतात, त्यामुळे तो घरी ठेवता येतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा यांसारख्या काही विदेशी पक्ष्यांची नोंदणी सक्तीची झाली. ती वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस कराराच्या यादीतल्या जातींसाठी आहे आणि बजी त्या यादीत नाही. मात्र पक्षी विकणाऱ्या दुकानाची नोंदणी २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार असावी लागते. ती आहे का, हे विचारण्यात ग्राहकाने संकोच करू नये.

३. कुत्र्या-मांजरासारखा बजी अंगाशी येत नाही. मग घरातल्यांना त्याचा नेमका आनंद काय?

बजी हा थव्यातला पक्षी आहे. त्याला घरात थवा मिळाला नाही, तर तो घरातल्या माणसांनाच आपला थवा मानू लागतो आणि त्याचा आनंद येथूनच सुरू होतो. सकाळी पिंजऱ्यावरचे कापड काढले की बजी आधी एका बाजूचा पंख आणि त्याच बाजूचा पाय मागे ताणतो, मग दुसऱ्या बाजूचे, मग दोन्ही खांदे वर उचलतो आणि त्यानंतरच बडबडीला लागतो. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला, नळ सोडला किंवा चार पाहुणे एकदम बोलू लागले की त्याचाही आवाज चढतो, कारण थव्यात गलबला असणे म्हणजे सारे काही ठीक असणे. एकाने जांभई दिली की शेजारचाही देतो. नर रंगात आला की डोक्यावरची पिसे फुलवतो, त्याच्या डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते आणि तो मान हलवत जोडीदाराला किंवा एखाद्या घंटीला मिनिटामागून मिनिटे गाणे ऐकवतो. संध्याकाळी पोट भरून एका पायावर बसल्यावर तो वरची-खालची चोच एकमेकींवर घासतो. हा बारीक करकर आवाज ऐकून पुष्कळ लोक घाबरून प्रश्न पाठवतात, पण पक्षी निवांत असल्याची ती सर्वांत खात्रीची खूण आहे.

हा आनंद जवळ बसणाऱ्याला मिळतो. दिवसभर घरी असणाऱ्या आजी-आजोबांशी बजीची गट्टी सर्वांत आधी जमते, कारण ते वर्तमानपत्र वाचत, भाजी निवडत त्याच्या आसपास असतात. पिंजरा गॅलरीच्या कोपऱ्यात टांगून दोन वेळा दाणे घालणाऱ्या घराला मात्र बजीचे फक्त रंग दिसतात.

४. घरात लहान मुले आहेत. कोणत्या वयापासून त्यांना बजी हाताळू द्यावा?

पाहणे, नाव ठेवणे, पाणी बदलताना मदत करणे, हे चार-पाच वर्षांच्या मुलालाही जमते. पण पक्ष्याची जबाबदारी मोठ्यांचीच असते, आणि मुलाचा उत्साह ओसरला तरी ती उरते, हे आणण्यापूर्वीच मान्य करावे. मुठीत धरण्याची परवानगी मात्र लहान मुलांना देऊ नये. माणसाला असतो तसा श्वासपटल पक्ष्यांना नसतो. छाती पुढे-मागे हलली तरच त्यांचा श्वास चालतो, त्यामुळे प्रेमाने पण घट्ट धरलेल्या मुठीत बजी काही क्षणांत गुदमरू शकतो. मुलाने बोट पुढे करावे आणि बजीने स्वतःहून त्यावर चढावे, एवढीच सवय दोघांना लावावी. पक्ष्याला हात लावल्यावर साबणाने हात धुण्याचा नियम पहिल्या दिवसापासून असावा.

५. एकच आणावा की जोडी?

आमचे स्पष्ट मत जोडीच्या बाजूने आहे. घरातले सगळे दिवसभर बाहेर असतील, तर एकट्या बजीला आठ-दहा तास कोणाचाही आवाज ऐकू येत नाही आणि थव्यातल्या पक्ष्यासाठी ही मोठी शिक्षा असते. एकटा पक्षी माणसाळतो लवकर, हे खरे आहे, पण जोडीही माणसाळते, थोडा जास्त वेळ लागतो एवढेच. दोन नर सहसा गुण्यागोविंदाने राहतात, दोन माद्या पुष्कळदा भांडतात. नर-मादी ठेवल्यास पिल्लांचा प्रश्न येतो (प्रश्न १५ पाहावा). जोडीदाराची जागा आरसा भरून काढत नाही. उलट नर आरशातल्या पक्ष्याला भरवण्यासाठी खाल्लेले दाणे पुन्हा पुन्हा बाहेर काढत राहतो, म्हणून आरसा ठेवू नये.

६. नर-मादी आणि वय कसे ओळखावे?

चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती जी मेणासारखी कातडी असते, तिचा रंग पाहावा. प्रौढ नरात ती निळी असते, प्रौढ मादीत तपकिरी, बदामी किंवा फिकट पांढरट-निळी. पिल्लांत ती गुलाबी-जांभळट असते. मादी पिल्लाच्या नाकपुड्यांभोवती बहुधा पांढरी कडा दिसते. ल्युटिनो (पूर्ण पिवळा, लाल डोळ्यांचा), अल्बिनो आणि काही ठिपकेदार जातींच्या नरांत ही कातडी आयुष्यभर गुलाबीच राहते, त्यामुळे त्यांना मादी समजून जोडी लावल्याची उदाहरणे नेहमी येतात.

वयासाठी कपाळ पाहावे. कोवळ्या बजीच्या कपाळावरच्या काळ्या रेघा थेट नाकपुड्यांपर्यंत आलेल्या असतात आणि तीन-चार महिन्यांनी पहिली पिसे झडल्यावर कपाळ स्वच्छ होते. कोवळ्या पक्ष्याचा डोळा पूर्ण काळा असतो, नंतर बाहुलीभोवती फिकट कडे येते. माणसाळवण्यासाठी कपाळावर रेघा असलेला पक्षी निवडणे उत्तम.

७. पिंजरा केवढा असावा आणि कोठे ठेवावा?

बजी हेलिकॉप्टरसारखा वर-खाली उडत नाही, तो आडवा उडतो. म्हणून उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची असते आणि गोल पिंजरा निरुपयोगी ठरतो. जोडीसाठी किमान अडीच फूट लांब पिंजरा घ्यावा, त्याहून मोठा मिळाला तर तो घ्यावा. गजांमधले अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नसावे, नाहीतर डोके अडकते. जस्ताचा मुलामा दिलेली, पापुद्रे सुटणारी जाळी टाळावी, कारण बजी गज कुरतडतो आणि जस्त त्याला विषारी असते. पिंजऱ्यासोबत येणारे प्लास्टिकचे गुळगुळीत दांडे काढून पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या, औषध न फवारलेल्या, कमी-अधिक जाडीच्या फांद्या लावाव्यात. त्यांनी पायांना व्यायाम होतो आणि साल सोलण्यात पक्ष्याचा वेळही छान जातो.

जागा बैठकीच्या खोलीत, डोळ्यांच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला लागून अशी असावी. स्वयंपाकघरात पिंजरा ठेवू नये (प्रश्न ११). रात्री दहा-बारा तास शांत अंधार मिळाला पाहिजे. टीव्ही उशिरापर्यंत चालत असेल, तर कापड टाकून पिंजरा दुसऱ्या खोलीत हलवावा. काही बजी अंधारात अचानक दचकून पिंजऱ्यात आपटतात, अशांसाठी झिरोचा दिवा चालू ठेवावा.

८. खायला काय द्यावे? नुसत्या राळ्यावर तो जगत नाही का?

जगतो, पण तब्येत धरत नाही. राळे (दुकानात यालाच कांगणी म्हणतात), बाजरी, वरी आणि कॅनरी सीड यांचे मिश्रण हा पाया ठीक आहे. मात्र केवळ दाण्यांवर वाढलेल्या बजीला अ जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि आयोडीन कमी पडते. म्हणून रोज धुतलेली हिरवी भाजी द्यावी: कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर, कोवळ्या मक्याचे कणीस, ढोबळी मिरची. भिजवून मोड आणलेली मटकी किंवा मूग बहुतेक बजींना आवडतो. पिंजऱ्यात समुद्रफेस (माकूल या समुद्री प्राण्याच्या शरीरातले पांढरे, हलके कवच) अडकवून ठेवावा, त्यातून कॅल्शियम मिळते आणि चोचही झिजते. सूर्यफुलाच्या बिया तेलकट असतात, त्या कधीमधी दोन-चार पुरेत. नवी भाजी पाहून बजी आठवडाभर तिच्याकडे फिरकत नाही, म्हणून ती बंद करू नये. जुडी पाण्याने ओली करून वर टांगली की तो आधी तिच्यात अंघोळ करतो आणि मग तिची चव घेतो.

अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, मद्य, कांदा, लसूण, सफरचंदाच्या बिया, खारवलेले आणि तळलेले पदार्थ देऊ नयेत. चिवड्यातला एखादा दाणा चालेल का, असे पुष्कळ जण विचारतात. त्यातले मीठ आणि तेल ३५ ग्रॅमच्या जिवाला झेपत नाही.

एका गोष्टीकडे रोज लक्ष द्यावे. बजी दाणा सोलून खातो आणि फोलपट त्याच वाटीत टाकतो. वाटी वरून काठोकाठ भरलेली दिसते, प्रत्यक्षात तिच्यात फोलपटांखेरीज काही उरलेले नसते आणि भरल्या वाटीसमोर पक्षी उपाशी राहतो. रोज सकाळी वाटीवर हलकी फुंकर मारावी, फोलपटे उडाली की खाली किती दाणे आहेत ते दिसते. एवढ्या लहान पक्ष्याचा एक दिवसाचा उपासही जिवावर बेतू शकतो.

९. तो हातावर कधी बसेल? मराठीत बोलेल का?

नवा बजी आणल्यावर पहिले काही दिवस त्याला फक्त घर ऐकू द्यावे. मग रोज ठरलेल्या वेळी पिंजऱ्याशी बसून हलक्या आवाजात बोलावे, त्यानंतर राळ्याचे कणीस हातात धरून हात पिंजऱ्यात स्थिर ठेवावा. पक्षी कणसापर्यंत येतो, एक दिवस मनगटावर पाय ठेवून खातो, आणि पुढे पोटाला खालून बोट टेकवले की त्यावर चढतो. घाई केली, पकडून बाहेर काढले, की आठवड्यांची मेहनत वाया जाते.

भाषेची बजीला अडचण नाही. नर शिकतो, मादी क्वचित. तेच दोन-तीन शब्द, त्याच सुरात, रोज सकाळी म्हणावेत. च, ट, क, प या ध्वनींचे शब्द त्याला लवकर उचलता येतात. त्याचा उच्चार बारीक आणि भरभर असतो, त्यामुळे तो बोलू लागल्याचे घरच्यांच्या उशिरा लक्षात येते. गिनीज बुकाच्या १९९५ च्या आवृत्तीत कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या नर बजीची १,७२८ शब्दांची नोंद आहे. पण बोलेल या अटीवर बजी आणू नये, कारण पुष्कळ गुणी नर जन्मभर फक्त चिवचिवतात.

१०. घरात मोकळे सोडावे का? त्यासाठी पंख छाटावेत का?

रोज तास-दोन तास मोकळे उडणे ही त्याची गरज आहे. आपल्या घरांतला सर्वांत मोठा धोका छताचा पंखा आहे, म्हणून पिंजरा उघडण्यापूर्वी पंखा बंद करून तो पूर्ण थांबल्याची खात्री करावी. खिडक्या-दारे लावावीत, आरशांवर आणि मोठ्या काचांवर पडदे ओढावेत, पाण्याच्या बादल्या झाकाव्यात, इस्त्री आणि गॅस बंद असावा. मांजर, पाहुणे आणि धावती मुले त्या वेळी खोलीत नसावीत.

पंख छाटण्याच्या आम्ही विरोधात आहोत. छाटलेला पक्षी जोरात आपटतो, लठ्ठ होतो, आणि थोडीफार पिसे वाढताच वाऱ्याच्या झोतावर खिडकीबाहेर जातोच. बटण बंद करणे माणसाला जमते, मग पक्ष्याचे उडणे कापण्याचे कारण उरत नाही.

११. नॉनस्टिक तवा, उदबत्ती, डासांची कॉइल यांनी खरोखरच बजी मरतो का?

होय, आणि नॉनस्टिकच्या बाबतीत तर काही मिनिटांत. टेफ्लॉनचा थर फाजील तापला की त्यातून निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही, पण पक्ष्याचे फुप्फुस इतके कार्यक्षम असते की हवेतले विष ते झपाट्याने शोषून घेते. रिकामा तवा गॅसवर विसरणे ही नेहमीची घटना आहे. बजी असलेल्या घरात लोखंडी किंवा बिडाचा तवा वापरावा. उदबत्ती, धूप, कापूर, कॉइल, रूम फ्रेशनर, ताजा रंग आणि फोडणीचा खकाणा हेही त्याच्या श्वासनलिकेला त्रास देतात. देवघर बैठकीच्या खोलीतच असेल, तर पूजेच्या वेळी पिंजरा दुसऱ्या खोलीत न्यावा. दिवाळीत धूर आणि आवाज दोन्हींपासून दूर असलेल्या, खिडक्या बंद केलेल्या आतल्या खोलीत त्याची सोय करावी.

१२. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात बजी टिकतो का?

सावली, पाणी आणि खेळती हवा असेल तर टिकतो. तो मूळचा कोरड्या प्रदेशातलाच आहे. पण रानातला बजी सावली शोधायला उडून जातो, पिंजऱ्यातल्याला ते शक्य नसते. चोच उघडी ठेवून धापा टाकणे, पंख अंगापासून दूर धरणे ही उन्हाच्या तडाख्याची चिन्हे आहेत. अशा वेळी पक्ष्याला थंड खोलीत नेऊन पायांवर साधे पाणी शिंपडावे, बर्फाचे पाणी वापरू नये. कूलरचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नये. हिवाळ्यात रात्रीचा गार वारा टाळला की पुरते.

१३. तो आजारी आहे हे कसे कळणार?

उशिरा कळते, हीच अडचण आहे. थव्यात अशक्त दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून बजी आजार शेवटपर्यंत लपवतो. दिवसा पिसे फुगवून डोळे मिटून बसणे, श्वासाबरोबर शेपटी वर-खाली होणे, पिंजऱ्याच्या तळाशी बसणे, विष्ठेचा रंग-रूप बदलणे, ही चिन्हे दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. आठवड्यातून एकदा स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर वजन घेऊन लिहून ठेवावे. दहा टक्के घट म्हणजे डॉक्टरकडे जाण्याची वेळ. चोचीभोवती आणि पायांवर जाळीदार, खडबडीत पापुद्रे दिसले तर तो बहुधा बारीक किडीचा त्रास असतो आणि तो औषधाने बरा होतो. त्यावर घरगुती तेल चोपडू नये.

पक्ष्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य आजार येण्यापूर्वीच शोधून ठेवावा. पिंजऱ्याच्या एका बाजूला बाहेरून बल्ब लावून ऊब देणे हा घरी करण्यासारखा पहिला उपाय आहे. पक्ष्याला उकडले तर सरकायला दुसरी बाजू मोकळी असावी. माणसांच्या गोळ्या कुटून देऊ नयेत.

१४. घरात दम्याचा रुग्ण आहे. बजी आणावा का?

आधी रुग्णाच्या डॉक्टरांना विचारावे. पिसांचा भुगा आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ यांमुळे दमा बळावू शकतो, आणि काहींच्या फुप्फुसांना दीर्घकाळच्या संपर्काने सूज येते. पक्ष्यांकडून माणसाला होणारा सिटॅकोसिस नावाचा जिवाणूजन्य आजार दुर्मीळ आहे. तरी बजीच्या घरात ताप आणि खोकला हटत नसेल, तर घरी पक्षी असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तळाचा कागद रोज बदलताना तो आधी ओला करून घेतला की धूळ उडत नाही.

१५. पिल्ले नको आहेत, किंवा मादी एकटी असून तिने अंडे घातले आहे. काय करावे?

पिंजऱ्यात मडके टांगले की जोडीला घर मिळाल्याची खूण पटते. मडके काढून टाकावे, दिवसाचा उजेड दहा तासांवर आणावा, मऊ व फार पौष्टिक खाणे कमी करावे. बहुतेक जोड्या मग थांबतात. मादीला अंडे घालायला नर लागत नाही, फक्त ते अंडे फळत नाही. अशी अंडी लगेच उचलू नयेत. ती उचलली की मादी संख्या भरून काढण्यासाठी आणखी घालते आणि तिच्या हाडांतले कॅल्शियम संपते. तिला त्यांवर बसू द्यावे, कंटाळली की सोडून देते. अंडे अडकून मादी तळाशी बसून कुंथत असेल, तर तासाभरात डॉक्टरकडे न्यावे.

१६. हिरव्या जोडीला निळे पिल्लू झाले. अंडे बदलले का?

नाही. बजीचा हिरवा रंग दोन गोष्टींनी बनतो: पिसाच्या रचनेमुळे दिसणारा निळा आणि त्यावरचे पिवळे रंगद्रव्य. पिवळे रंगद्रव्य नसले की पक्षी निळा दिसतो. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे हिरव्या आई-बापांनी तो न दाखवता बाळगलेला असू शकतो, आणि दोघांकडून आला की पिल्लू निळे निघते.

१७. गणपतीला आठ दिवस गावी जायचे आहे. दाणा-पाणी भरून ठेवले तर चालेल का?

चालणार नाही. फोलपटांची अडचण (प्रश्न ८) आणि पाण्यात पडणारी घाण, दोन्ही जिवावर उठतात. शेजाऱ्यांच्या घरीच पिंजरा ठेवावा आणि फुंकर कशी मारायची ते प्रत्यक्ष दाखवून जावे.

१८. बजी उडून गेला तर? आणि पुण्य म्हणून सोडून दिला तर?

उडालेला बजी बहुधा जवळच्याच झाडावर असतो. जोडीदाराचा पिंजरा बाहेर दिसेल असा ठेवावा आणि दाराशी राळ्याचे कणीस अडकवावे. अंधार पडल्यावर तो हलत नाही, म्हणून शेवटचा आवाज कोठून आला ते लक्षात ठेवून पहाटे तेथे जावे. सोसायटीत लगेच कळवावे, कारण दमलेला बजी अनोळखी माणसाच्या खांद्यावरही येऊन बसतो.

जाणूनबुजून सोडणे हे पुण्य नाही. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या बजीला येथे अन्न शोधता येत नाही आणि कावळे, शिक्रा किंवा मांजर त्याला दोन-चार दिवसांतच गाठतात. सांभाळणे जमत नसेल, तर ज्यांच्याकडे आधीच बजी आहेत अशा घरात तो द्यावा.

१९. जोडीतला एक गेला. दुसरा गप्प झाला आहे. लगेच नवा आणावा का?

आधी पहिला कशाने गेला ते पाहावे. संसर्ग असल्यास राहिलेल्याची तपासणी करून घ्यावी. तोवर त्याच्याजवळ माणसांचा वावर वाढवावा, कारण शोकात काही बजी खाणे कमी करतात. नवा पक्षी आणल्यावर त्याला महिनाभर वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावे आणि त्याची देखभाल जुन्या पक्ष्यानंतर करावी. महिन्यानंतर दोन्ही पिंजरे शेजारी ठेवावेत. दोघे गजांशी येऊन एकमेकांशी बोलू लागले की जुन्या पिंजऱ्यातल्या फांद्यांची जागा बदलून, दाण्याच्या दोन वाट्या लावून त्यांना एकत्र सोडावे. पहिले काही तास लक्ष ठेवावे. चोचीने चोच ढकलणे चालते, पायांना चावणे दिसले तर पुन्हा वेगळे करून आठवड्याने प्रयत्न करावा.